बहिणीला सिलिअ‍ॅक निघालं, मी आधीच ग्लूटेन सोडलंय, आता टेस्ट कशी करू?

रानजाई:
मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्या धाकट्या बहिणीला नुकतंच सिलिअ‍ॅक डिसीज निघालं. कित्येक वर्षं तिला "हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे" एवढंच सांगत होते, गोळ्या घेऊनही ढिम्म फरक नाही. पोटाची अशी तिची फार तक्रारच नव्हती, अधूनमधून तोंड यायचं, थकवा असायचा, बस. शेवटी एका नव्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट सांगितली, ती दणदणीत पॉझिटिव्ह आली, मग एंडोस्कोपी, बायोप्सी, रिपोर्टवर मार्श ३ (म्हणजे आतड्याची आतली झालर झडलेली). आता गहू, बार्ली, राय सगळं बंद, त्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं म्हणून. आणि डॉक्टर म्हणतात आईवडील, भावंडं सगळ्यांनीच तपासून घ्या.

माझी गोची अशी की मला पोट फुगणं, गॅस, जेवलं की डोकं जड होणं हा त्रास आधीपासून आहे आणि मी बहिणीच्या निदानाच्या कितीतरी आधी आपलं आपणच ग्लूटेन सोडलं. खूप बरं वाटतंय. आता डॉक्टर म्हणतात टेस्ट करायची तर परत काही आठवडे गहू खा! एवढं बरं चाललेलं असताना मुद्दाम आजारी पडायचं का? दुसरं म्हणजे आई. तिला थायरॉईडचा त्रास आहे, मागे साध्या पडण्याने मनगट मोडलं, पण पोटाला काहीच होत नाही म्हणून टेस्टचं नाव काढलं की "या वयात मला नसती खुळं नकोत" म्हणते. आणि माझी दोन मुलं, एक चार वर्षांचा, एक नऊची, दोघं ठणठणीत. त्यांचं काय करू? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

तिरकसराव:
बरं वाटतंय ना, मग सोडा की! टेस्ट कशाला हवीये, निदान झालं तरी औषध तर काही नाहीच, ग्लूटेन बंद हाच उपाय, तो तुम्ही करताच आहात. आजकाल निम्म्या जगाने ग्लूटेन सोडलंय, त्यातल्या किती जणांनी टेस्ट केली असेल?

कोरांटी:
तिरकसराव, हे ऐकायला सोपं वाटतं पण फरक बराच मोठा आहे हो. मला स्वतःला सिलिअ‍ॅक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिलिअ‍ॅक म्हणजे नुसतं "गहू पचत नाही" असं नाही. ग्लूटेन गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर तुटून पडते आणि आतड्याच्या आतली बारीक बोटांसारखी जी झालर असते ती झडून सपाट होते. लोह मुख्यतः आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, तोच भाग सगळ्यात जास्त बिघडतो, म्हणून रानजाईच्या बहिणीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. आता हे असेल तर ग्लूटेन आयुष्यभर आणि शंभर टक्के बंद, एखादा घासही नाही, हाडांची डेन्सिटी बघायची, लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी१२, डी बघत राहायचं, टीटीजी खाली येतंय का बघायचं. नसेल तर लग्नकार्यात एखादा घास गेला तरी एक दिवस पोट दुखेल, संपलं. आपण यातले कोण ते माहीत नसताना जन्मभर पथ्य करणं अवघड जातं, माणूस दोनतीन वर्षांत ढिला पडतोच. आणि सिलिअ‍ॅक असून ढिला पडला तर त्रास जाणवत नसतानाही आत नुकसान चालू राहतं.

रानजाई, तुमच्यासाठी मुद्द्याचं. ग्लूटेन बंद असताना टीटीजी हळूहळू निगेटिव्ह होते आणि आतडंही भरून येतं, त्यामुळे आत्ता टेस्ट केली आणि निगेटिव्ह आली तर त्याला काही अर्थ नाही. म्हणून डॉक्टर परत खा म्हणतात. पण त्याच्याआधी एक गोष्ट करता येते, जीनची टेस्ट. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८. ही रक्तातून किंवा गालाच्या आतल्या स्वॅबवरून होते आणि तुम्ही काय खाताय याच्याशी तिचा संबंध नाही. दोन्ही निगेटिव्ह आले तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच म्हणायचं, मग गहू खाऊन आजारी पडायची गरजच उरत नाही. मात्र पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका, साधारण ३० ते ४० टक्के लोकांत हे जीन असतातच आणि त्यातल्या अगदी थोड्यांना सिलिअ‍ॅक होतं. तुम्ही सख्खी बहीण, त्यामुळे पॉझिटिव्ह यायची शक्यता जास्तच. पण निगेटिव्ह आलं तर केवढी सुटका!

रानजाई:
कोरांटीताई, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं!! आणि समजा जीन पॉझिटिव्ह आले तर खायचं म्हणजे किती आणि किती दिवस?

कोरांटी:
प्रत्येक डॉक्टर थोडं वेगळं सांगतात, तुमच्या गॅस्ट्रोला विचारूनच करा. पण ढोबळमानाने रोज किमान ३ ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे ब्रेडच्या दीड-दोन स्लाइस, आणि सहा ते आठ आठवडे. फारच त्रास झाला तर काही जण दोन आठवड्यांवरही टेस्ट करतात, पण जेवढं लांबवता येईल तेवढा निकाल भरवशाचा. पहिला आठवडा बहुतेकांना जड जातो, तेव्हा ऑफिसचं महत्त्वाचं काम, प्रवास असलं काही नसेल असा काळ निवडा. आणि एंडोस्कोपी ठरलीच तर ती होईपर्यंत खात राहा. रक्ताची टेस्ट झाली की लोक सुटलो म्हणून थांबतात आणि बायोप्सीत आतडं अर्धवट सुधारलेलं दिसतं. बायोप्सीचे तुकडेही एक-दोन नाही, ड्युओडेनमच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) खालच्या बाजूने चार तरी आणि त्याच्या सुरुवातीच्या भागातून एक-दोन घ्यायला हवेत, कारण नुकसान सगळीकडे सारखं नसतं. हे डॉक्टरांना आधी विचारायला लाजू नका.

मधलाबाक:
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना सिलिअ‍ॅक, मला गव्हाने अगदी तुमच्यासारखाच त्रास, त्यामुळे घरात सगळ्यांनी मला पेशंट ठरवूनच टाकलं होतं. रीतसर खाऊन टेस्ट केली, टीटीजी नॉर्मल, बायोप्सी नॉर्मल, गव्हाची अ‍ॅलर्जीही नाही. मग उरलं ते नॉन-सिलिअ‍ॅक ग्लूटेन सेन्सिटिव्हिटी. याची स्वतःची अशी कुठलीच टेस्ट नाही, बाकी सगळं नाही हे ठरलं की हे लेबल लागतं. पण गंमत अशी की या लेबलवाल्या बऱ्याच लोकांना त्रास ग्लूटेनचा नसतोच. गव्हात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते, ती आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि गॅस होतो. ओस्लोमध्ये ५९ लोकांवर एक प्रयोग झाला होता, २०१८ साली छापून आला, सगळे स्वतःला ग्लूटेन सेन्सिटिव्ह म्हणवणारे. त्यांना न सांगता कधी ग्लूटेनचे, कधी फ्रुक्टनचे, कधी साधे बार खायला दिले. सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टनने झाला, आणि ग्लूटेन नि साध्या बारमध्ये म्हणावा असा फरकच नव्हता.

मला हे कळल्यावर डाएटिशियनने कांदा-लसूण कमी करायला लावला, तेही फ्रुक्टनवालेच, आणि निम्मा त्रास गेला. नुसता गहू सोडून हे कधीच कळलं नसतं. म्हणजे टेस्ट निगेटिव्ह आली तर "सगळं मनाचे खेळ" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्रास खरा असतो, कारण वेगळं असतं. आणि हो, ते शंभर पदार्थांचं आयजीजी (रक्तातला अँटीबॉडीचा एक प्रकार) पॅनल विकतात ना, फूड इन्टॉलरन्स वगैरे नावाने, त्यात पैसे घालू नका, त्यातून ना सिलिअ‍ॅक कळतं ना सेन्सिटिव्हिटी.

माऊचीआई:
अगं रानजाई, तुझ्या आईबद्दल वाचून राहवलं नाही. थायरॉईड आणि साध्या पडण्याने मोडलेलं मनगट, यात मुलीला सिलिअ‍ॅक, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर कुठलाही डॉक्टर टेस्ट कर म्हणेल. ऑटोइम्यून थायरॉईड (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते तो) आणि टाइप १ डायबेटिस असलेल्यांत सिलिअ‍ॅक जास्त सापडतं. पोट दुखायलाच हवं असं अजिबात नाही, माझ्या सासूबाईंना पोटाची तक्रार कधीच नव्हती, हाडं ठिसूळ म्हणून तपासता तपासता सापडलं, तेही सत्तरीत. कॅल्शियमच्या गोळ्या घेत होत्या, पण त्या शोषायला तर हव्यात!

आईंना एंडोस्कोपीचं नाव काढू नकोस, तिथेच माणूस बिथरतो. एवढंच सांग की नेहमीच्या थायरॉईडच्या रक्तातच एक जास्तीची टेस्ट लिहायचीये, वेगळी सुई नाही. आमच्याकडे हेच चाललं. दुसरं, "तुला काही झालं असेल" म्हणण्यापेक्षा धाकटीला बोलू दे, की आई, माझ्यात हे कुठून आलं ते कळलं तर बरं. मुलीसाठी म्हटलं की आया ऐकतात. (दोष देतोय असं मात्र वाटू देऊ नका, आमच्याकडे तो सीन झालाय.)

तिरकसराव:
ठीक आहे, टेस्टचं पटलं. पण घरातल्या सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं म्हणजे जरा अतीच नाही का? आमच्या लहानपणी हे नावही ऐकलं नव्हतं कोणी.

कोरांटी:
नाव नव्हतं ऐकलं म्हणून आजार नव्हता असं नाही ना. डिका नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून जाणवत होतं की गहू बंद केला की हा आजार असलेली पोरं सुधारतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेना, आणि त्यांचे हे पेशंट त्या उपासमारीतही सुधारले, ब्रेड परत आला तशी परत आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. तेव्हा फॅड नव्हतं कोणाला, खायलाच नव्हतं.

रांगेचं म्हणाल तर, एकूण लोकांत साधारण शंभरात एकाला हे असतं, पण घरात सख्ख्या नात्यातल्या कोणाला असेल तर ते प्रमाण दहात एकाच्या आसपास जातं. तेवढ्यासाठी एक रक्ताची टेस्ट मला तरी अती वाटत नाही.

अबोली:
मुलांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, माझ्या मोठ्याला आहे, धाकटीला अजून नाही. पहिली गोष्ट, टेस्ट होईपर्यंत मुलांचं ग्लूटेन अजिबात बंद करू नका, "आपण सगळेच सोडू" असा उत्साह घरात येतो, विशेषतः आज्यांना. मग निदान लटकतं आणि लहान मुलांना परत खायला घालून तपासणं तर डॉक्टरांनाही नको असतं, पाचच्या आत शक्यतो करतच नाहीत. दुसरं, आज निगेटिव्ह म्हणजे कायमचं निगेटिव्ह नाही. सिलिअ‍ॅक कुठल्याही वयात सुरू होऊ शकतं. धाकटीत जीन आहे म्हणून आमच्या डॉक्टर दर दोनतीन वर्षांनी टीटीजी करतात, मध्ये वाढ मंदावली किंवा थकायला लागली तर लगेच. जीन नसता तर हेही करावं लागलं नसतं, म्हणून मुलांचीही जीन टेस्ट एकदा करून टाकणं मला सोयीचं वाटतं, पण तुमच्यात आणि बहिणीत काय निघतं ते आधी बघा. तुमच्यातच दोन्ही जीन नसतील आणि नवऱ्याकडे कोणाला काही नसेल तर मुलांची काळजी बरीच कमी.

आणि मुलांमध्ये टीटीजी नॉर्मलच्या दहापट किंवा जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए (अशीच आणखी एक अँटीबॉडी टेस्ट) पण पॉझिटिव्ह आली तर युरोपातल्या नियमांप्रमाणे बायोप्सीशिवायही निदान करता येतं. मोठ्याचं तसंच झालं, एंडोस्कोपी वाचली.

रानजाई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, डोकं एकदम स्वच्छ झालं. ठरलं, आधी माझी जीन टेस्ट, निगेटिव्ह आली तर मधलाबाक म्हणतात तसं कांदा-लसणाकडे बघते, पॉझिटिव्ह आली तर दात-ओठ खाऊन ब्रेड. आई पुढच्या महिन्यात थायरॉईडला जाणार आहे, तेव्हा बहिणीलाच सोबत पाठवते. अजून एकच शंका, बहीण आईकडेच राहते. मी तिथे असताना ब्रेड खाल्ला तर तिला चालेल का? ती फार धास्तावलीये, शेजारी कोणी गहू खाल्ला तरी उठून जाते.

कोरांटी:
शेजारी बसून खाल्ल्याने काही होत नाही, पोटात जाईल तेच मोजायचं. जपायचं ते टोस्टर, चाळणी, लाकडी उलथनं, लोण्याची बरणी (तुमची चुऱ्याची सुरी तिच्या लोण्यात नको), आणि कोरडं पीठ, ते हवेत उडून सगळीकडे बसतं. तिचा टोस्टर वेगळा ठेवा, बाकी भांडी नीट घासली की चालतात. ग्लूटेन फ्री लिहिलेल्या पदार्थातही किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असा कोडेक्सचा (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांचा) नियम आहे, म्हणजे अगदी शून्य कोणीच मागत नाही, हे तिला सांगा, जरा जीव भांड्यात पडेल.

मधलाबाक:
आईंच्या कागदावर टीटीजी आयजीएबरोबर टोटल आयजीए (अँटीबॉडीचा हा प्रकार रक्तात एकूण किती आहे ते) पण लिहून घ्या, पॅकेजमध्ये ते बहुतेक नसतं. सिलिअ‍ॅक असलेल्यांत २-३ टक्के लोकांचं आयजीएच मुळात कमी असतं, मग टीटीजी आयजीए खोटी निगेटिव्ह येते आणि सगळे घरी जाऊन निश्चिंत झोपतात. कमी निघालं तर आयजीजीवाली टीटीजी किंवा डीजीपी (तशीच दुसरी अँटीबॉडी टेस्ट) करायला सांगा. वरच्या त्या शंभर पदार्थांच्या आयजीजीशी हिचा काही संबंध नाही, लॅबवाल्याने गोंधळ घातला तर ऐकू नका.