रीः रीः एआयची वर्गणी, १२ तारखेच्या आत बंद करा

जिभाऊ,
१२ तारखेला मंडळाच्या कार्डावरून पुन्हा २० डॉलर कापले जातील. त्याआधी बंद करा. मीटिंगमध्ये एआय कंपन्यांवरच्या बहिष्काराला सगळ्यांनी हो म्हटलं, पुढे पान हललं नाही. मी सध्या धुळ्याला आहे. दहावीतला भाचा रात्री गोधडीत तोंड खुपसून कुठल्याशा ॲपशी बोलत होता. अभ्यासाचं नाही, मनातलं. माझ्या पोटात गोळा आला.
– आक्का

आक्का,
ठरावाशिवाय खजिनदाराने खर्च बंद केला तर उद्या हिशेब मलाच विचारतील. शिवाय लॉगिन मागच्या सेक्रेटरींच्या नावावर आहे, ओटीपी त्यांच्याच फोनवर जातो. आणि भरीत पार्टीचं पत्रक कोण करणार?
– जिभाऊ

पत्रक मी हाताने लिहून देते. पहिली सहा वर्षं मीच लिहायचे. फक्त या खेपेला वांगी बामणोदचीच म्हणून छापू नका, ती इथे मिळत नाहीत.
– माई

राम राम, सावद्याहून लिहितोय. तुम्ही डॉलर मोजता, इथे कोण मोजतो? ४ नोव्हेंबर २०२५ पासून चॅटजीपीटीचा गो प्लॅन वर्षभर फुकट दिला, जिओवाल्यांना गूगलचं जेमिनी १८ महिने. फुकटावर बहिष्कार कसा घालायचा? आणि एकट्याने घालून काय होतं? केळीचा भाव पाडला म्हणून मी एकट्याने कापणी थांबवली, तर घड झाडावरच पिकतो, व्यापारी शेजारच्या बागेत जातो. गाव मिळून थांबलं तरच तो बोलायला बसतो. १९३६ ला फैजपूरला काँग्रेस भरली तेव्हा आमचे आजोबा बैलगाडीने गेलेले. विलायती कापड घरात येऊ द्यायचं नाही, हे आजीलाही पाठ होतं.
– आप्पा

आप्पा, तुमचं म्हननं खरं से. म्हणूनच मागणी एकच हवी. नेस्लेवरचा बहिष्कार १९७७ ला अमेरिकेत सुरू झाला, बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींवरून. १९८१ ला जागतिक आरोग्य संघटनेची संहिता आली आणि १९८४ ला कंपनीने ती पाळायचं कबूल केलं, तेव्हा तो उठला. काय केलं की उठेल, हे दुकानदारापासून कंपनीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडेही धरायला जागा आहे. मे २०२४ मध्ये सोलच्या एआय परिषदेत १६ एआय कंपन्यांनी लिहून दिलंय की धोका कुठवर गेला की मॉडेल थांबवू, ते जाहीर करू. आपण एवढंच मागायचं: बाहेरच्यांकडून तपासून घ्या, निकाल छापा, मग बाजारात आणा. वर्गणी बंद करताना कारण विचारतात, तिथे प्रत्येकाने हेच वाक्य घालायचं. फुकटवाल्यांनी ऑटोपे आत्ताच काढायचं. फुकट देतात ते पुढच्या वर्षीच्या पैशावर डोळा ठेवूनच.
– आक्का

मागच्या सेक्रेटरींशी बोललो. शिरपूरला लग्नात आहेत, रविवारी ओटीपी देतात. समितीच्या पाच जणांचा होकार मेलवर आला तरी मला चालेल, दोन आलेत. आक्का, ते वाक्य इंग्रजीतही लिहून शनिवारपर्यंत पाठवा.
– जिभाऊ