कढीपत्त्यावरच्या फुलपाखरांच्या अळ्या मरतात. गॅलरीत कोणती स्थानिक झाडं लावू?

पूर्वेची_गॅलरी:
पुणे, तिसरा मजला. ऊन सकाळी साडेसात ते साडेबारा. १२ इंची आठ कुंड्यांत झेंडू, पेट्युनिया, बुटकी घाणेरी आणि नर्सरीतून आणलेला फूटभर कढीपत्ता आहे. कढीपत्त्यावर दोनदा अळ्या दिसल्या, पण दोन्ही वेळा काळ्या पडून मेल्या. मावा येऊ नये म्हणून दर पंधरवड्याला कडुनिंबाचं तेल फवारते. सोसायटीच्या कुंपणालगत २० बाय ३ फुटांचा पट्टाही मिळतो आहे. स्थानिक झाडंच लावायची आहेत.

रानवाट:
आधी कडुनिंबाचं तेल बंद करा. त्यातल्या अझाडिरॅक्टिनमुळे अळीचं खाणं थांबतं, कात टाकणं बिघडतं. मावा कोणता आणि फुलपाखराची अळी कोणती, हे त्याला कळत नाही. माव्याला पाण्याची जोरदार धार पुरते.

दुसरी शंका नर्सरीच्या औषधाची. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मुळांतून पानांत चढतं आणि बराच काळ टिकतं. त्यापेक्षा कढीपत्ता बियांपासून करा. पिकून काळी झालेली फळं घ्या, गर धुऊन काढा आणि आठवड्याच्या आत पेरा. वाळून ठेवलेलं बी सहसा उगवत नाही.

रोपं किमान तीन हवीत. कढीपत्त्यावर येणाऱ्या लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, शेवटी हिरव्या होतात. खरं खाणं त्या शेवटच्या काही दिवसांतच असतं. फूटभर रोप दोन अळ्यांत बोडकं होतं. ते मरत नाही, पुन्हा फुटतं. कोष करायला अळी बऱ्याचदा झाड सोडून भिंतीवर किंवा कठड्याखाली जाते, तिथे झाडू मारू नका.

कुंडीमाती:
तुमच्याकडची तिन्ही फुलझाडं मुळात अमेरिका खंडातली. झेंडू राहू द्या, घाणेरी मात्र काढाच. बुटकी असली तरी फळं धरली की पक्षी बी बाहेर नेतात.

त्या जागी कोरांटी आणि खुळखुळा लावा. खुळखुळ्याच्या फुलांत आणि शेंगांत पी ब्लू या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. वाळलेल्या फांद्या कापू नका. टायगर आणि क्रो जातींच्या फुलपाखरांचे नर त्यातलं अल्कलॉइड (झाडातलं एक रसायन) शोषायला येतात. प्लेन टायगर फुलपाखरासाठी रुई, १६ इंची कुंडीत. निम्मी माती, पाव भाग वाळू, पाव भाग शेणखत. वरची दोन इंच माती वाळल्यावरच पाणी. रोज पाणी घातलं की मूळ कुजतं. चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून छाटताना हातमोजे घाला. ‘फुलपाखरांचं झाड’ म्हणून जे हळदीकुंकू विकतात तेही अमेरिकेतलंच. रुई असताना त्याची गरज नाही.

तांबडी_वाट:
पट्ट्यात चार-चार फुटांवर पाच झाडं बसतील: दोन धायटी, दोन अडुळसा, एक निर्गुडी. खड्डे दीड फुटाचे, मे महिन्यात काढून ठेवा. लागवड जूनमध्ये, माती खोलवर भिजल्यावर. धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर (मध पिणारे छोटे पक्षी) येतात, अडुळशावर मोठे काळे भुंगे. बहाव्याचा मोह होईल, पण तीन फुटांत तो नको.

सगळीकडे पालापाचोळा अंथरू नका. दोन-तीन फूट माती उघडी ठेवा, एकट्या राहणाऱ्या काही मधमाश्या जमिनीतच बीळ करतात.

पूर्वेची_गॅलरी:
कुंपणावर गुळवेल सोडली तर?

तांबडी_वाट:
पुण्यात सोसायटीत चालेल. संत्र्या-मोसंबीची बाग जवळ असेल तिथे मात्र नको. फळांतला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात, त्याने टोचलेली फळं गळतात. निर्गुडीवर मात्र वेल चढू देऊ नका, झाड झाकून टाकते.