तापमानाचा उतार −१.७, क्लोरोफिलचा −१.३: प्लवकांचं स्केलिंग खरंच वेगळं आहे का?

शाहूपुरी_डेटा:
रत्नागिरीजवळ ४ मीटर खोलीवर लावलेल्या थर्मिस्टर (तापमानमापक) आणि फ्लुओरोमीटरच्या (क्लोरोफिलच्या चमकेवरून प्लवक मोजणारं यंत्र) दर सेकंदाच्या नोंदी इथं कोल्हापुरात तपासतोय. लॉग-लॉग स्पेक्ट्रमवर (कोणत्या वारंवारितेत किती चढउतार, त्याचा आलेख) एकच रेषा बसवली; तिचा उतार म्हणजेच स्केलिंग. तापमान −१.७, म्हणजे टर्ब्युलन्सच्या (पाण्यातल्या खळबळीच्या) नेहमीच्या −५/३ च्या जवळ, क्लोरोफिल −१.३. प्लवक पाण्याबरोबर नुसते वाहत नाहीत, असं लिहू का?

रंकाळावेस:
एवढ्यावर नको. आधी आलेखाचं उजवं टोक बघ. फ्लुओरोमीटरच्या नॉइजपेक्षा खरा सिग्नल बारीक झाला की रेषा आडवी पडते आणि उतार खोटाच कमी भरतो. त्यात एफएफटीचे (स्पेक्ट्रम काढायच्या गणिताचे) निम्मे बिंदू वरच्या निम्म्या वारंवारितांत असतात, म्हणजे रेषा नॉइजच ओढतोय. आडवा भाग काप, उरलेल्याची लॉग अंतरानं सरासरी घे, मगच रेषा बसव. १०२४ बिंदूंचे, निम्मे एकमेकांवर येणारे तुकडे आणि हॅन विंडो (तुकड्याची टोकं हळूहळू शून्यावर आणणारं वजन) पुरे. सुरुवात रात्रीच्या नोंदींनी कर. भर उन्हात क्लोरोफिल तेवढंच असूनही फ्लुओरेसन्स, म्हणजे ती चमक, दबतो.

खाडीकाठ:
तीन सिग्माबाहेरचे (सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिपटीहून दूरचे) आकडे उडवले असशील तर परत आण. प्लवक पुंजक्यांनी असतात, ती उसळी हाच विषय आहे. एकाच सेकंदापुरतं टोक असेल तर कचरा किंवा बुडबुड्याचा संशय घे. शेजारच्या नोंदीही चढलेल्या असतील तर ठेव.
मग स्ट्रक्चर फंक्शन काढ: ठरावीक कालांतरानं पडणाऱ्या फरकांचा क्यू-वा घात, त्याची सरासरी. ती कालांतराच्या कितव्या घातानं वाढते, तो घातांक. क्यू ०.५ ते ३ ठेव. त्यापुढं दोन-चार टोकंच उत्तर ठरवतात. दुसऱ्या घाताचा घातांक अधिक १ म्हणजे स्पेक्ट्रमचा उतार, चिन्ह सोडून. तो जुळला नाही तर हिशेबात गडबड आहे. क्यूप्रमाणे घातांक सरळ न वाढता वाकला, तर मल्टिफ्रॅक्टल, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या उसळ्यांना एकच स्केलिंग पुरत नाही.

रंकाळावेस:
आणि अंतराचा हिशेब विसरू नकोस. प्रवाह सेकंदाला ०.२ मीटर असेल तर १०२४ सेकंद म्हणजे जेमतेम २०० मीटर. प्लवक वाढतात तसे पाण्यात पसरून विरळही होतात (प्रसरण), म्हणून पुंजका टिकायला लागणारी किमान रुंदी π√(प्रसरण/वाढ). प्रसरण सेकंदाला १ चौरस मीटर आणि वाढीचा दर दिवसाला १ धर: सुमारे ९२० मीटर येते. तुझ्या तुकड्यांत वाढीचा ठसा दिसणारच नाही. तिथं टर्ब्युलन्सचंच राज्य, दोन्ही उतार सारखे यायला हवेत. फरक शोधायचा तर काही तासांच्या पट्ट्यात शोध, १२.४२ तासांचा भरतीचा घटक आधी वजा करून. भरती पालटताना प्रवाह शून्यावर येतो, तेव्हा वेळेचं अंतरात रूपांतर चालत नाही. ते तुकडे गाळ.

शाहूपुरी_डेटा:
प्रवाहमापकाच्या नोंदी आहेत. आडवा भाग कापून दोन्ही उतार परत टाकतो.