मदत हवी आहे: ‘ऑल्टर्ड बीस्ट’ ऐकायचा कसा?

मंडळी, अमेरिकी रॉक गायक मॅथ्यू स्वीटचा १९९१चा ‘गर्लफ्रेंड’ अल्बम मला तोंडपाठ आहे, पण त्यानंतरचा ‘ऑल्टर्ड बीस्ट’ (१९९३) काही केल्या पचनी पडत नाहीये. कुणी म्हणतं यातच त्याचा कस दिसतो, कुणी म्हणतं नुसता पसारा. गिटारवाले रिचर्ड लॉइड आणि रॉबर्ट क्वाइन तेच, पण सूर कडवट, आवाज खरखरीत. निर्माता गुळगुळीत पॉप-रॉक बँड फ्लीटवुड मॅकवाला रिचर्ड डॅशट, म्हणून मी गुळगुळीत काहीतरी धरून चाललो होतो! ‘द अग्ली ट्रूथ’ हे गाणं तर दोन वेगळ्या बाजांत दोनदा येतं, ते कशासाठी? (‘टाइम कॅप्सूल’ला मात्र तोड नाही.) ज्यांना हा अल्बम आवडतो त्यांनी सांगा, सलग ऐकू की निवडक गाण्यांपासून सुरुवात करू? की आधी १९९५चा ‘१००% फन’ ऐकून मग इकडे वळू?