सोसायटी ग्रुपवर: सोनच्या आधीचा चा

बी ४०४ ताई: नमस्कार मंडळी. एक मदत हवी आहे. लेकीला शाळेत 'माझा आवडता खेळाडू' यावर पाच मिनिटं बोलायचंय. तिनं सोन ह्युंग-मिन निवडलाय. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. कुणी सांगेल का काय बोलावं?

सी १०२: ताई, भरपूर आहे. लंडनच्या टॉटनहॅम क्लबकडून दहा वर्षं, ४५४ सामने, १७३ गोल. २०२१-२२ ला प्रीमियर लीगमध्ये २३ गोल करून सालाहबरोबर गोल्डन बूट (मोसमात सर्वाधिक गोलांचं बक्षीस) मिळवला, आणि त्या २३ मध्ये एकही पेनल्टी नाही! मे २०२५ मध्ये युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) जिंकली, मग अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेला. युरोपात नाव काढणारा पहिला कोरियन, असं सांगू दे तिला.

ए ५०३ काका: पहिला नाही रे बाळा. पहिला चा बुम-कुन.

सी १०२: काका, नाव ऐकलंय, पण खेळ पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय?

ए ५०३ काका: पाहिलाय. १९८८ मध्ये कंपनीच्या ट्रेनिंगसाठी मी कोलोनजवळ होतो. थांब, सावकाश टाइप करतो.

ए ५०३ काका: जन्म १९५३ चा. स्ट्रायकर. १९७६ ला सोलमध्ये मलेशियाविरुद्ध कोरिया ४-१ नं मागे होतं. शेवटच्या काही मिनिटांत यानं एकट्यानं तीन गोल मारले. ४-४! डिसेंबर १९७८ मध्ये डार्मश्टाट नावाच्या छोट्या जर्मन क्लबानं त्याला घेतलं. एकच सामना खेळला आणि परत कोरियात जावं लागलं, कारण सैन्यातली सेवा पूर्ण झाली नव्हती.

ए ३०१ काकू: अगं बाई. एका मॅचसाठी एवढ्या लांब गेला आणि परत? मग नोकरी गेली असेल त्याची.

ए ५०३ काका: डार्मश्टाट सुटलंच वहिनी. पण १९७९ मध्ये सेवा संपवून तो पुन्हा जर्मनीला आला, या वेळी आइनट्राख्ट फ्रँकफर्टकडे. वय २६. आज या वयात लोक म्हणतात, आता काय नव्यानं शिकणार. याला भाषा येत नव्हती, थंडीची सवय नव्हती. पहिल्याच मोसमात फ्रँकफर्टनं यूएफा कप जिंकला. १९८१ मध्ये जर्मन कप, त्याच्या फायनलला याचा गोल. आणि तू सांगितलीस ती युरोपा लीग म्हणजे तोच यूएफा कप, नाव बदललंय फक्त.

सी १०२: आशियातून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या मुख्य लीगमध्ये, गेलेला पहिला तोच ना?

ए ५०३ काका: नाही. जपानचा ओकुदेरा १९७७ मध्येच कोलोनकडे आला होता. पण बचावफळी ज्याला घाबरायची असा पहिला आशियाई स्ट्रायकर चा. बुंडेसलिगात ३०८ सामने, ९८ गोल. तुझ्या सोनच्या २३ मध्ये पेनल्टी नाही म्हणालास ना? या ९८ मध्येही एक नाही.

सी १०२: काय सांगता! ९८ पैकी शून्य??

बी ४०४ ताई: पेनल्टी नसली तर एवढं विशेष का? (लेक हसतेय माझ्यावर.)

सी १०२: ताई, पेनल्टी म्हणजे समोर फक्त गोलकीपर, अकरा मीटरवरून मारायचं. मोठ्या स्ट्रायकरांच्या खात्यात अशा गोलांचा चांगला भरणा असतो. हे सगळे पळत, उड्या मारत, बचावपटू अंगावर असताना केलेले गोल आहेत.

ए ३०१ काकू: सोनला नाही का जावं लागलं सैन्यात? माझा पुतण्या सैन्यात आहे म्हणून विचारते.

सी १०२: काकू, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये कोरियानं सुवर्ण जिंकलं, त्यामुळे त्याला सूट मिळाली. तीन आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण मात्र त्यानं २०२० मध्ये जेजू बेटावर पूर्ण केलं. चा बुम-कुनला असं काही मिळालं नाही.

ए ५०३ काका: आता जे सांगतो ते लेकीला वाचून दाखव ताई. १९८० मध्ये लेव्हरकुसेन या दुसऱ्या जर्मन क्लबाच्या गेल्सडोर्फनं त्याला मागून असं पाडलं की कमरेच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. फ्रँकफर्टचे लोक इतके भडकले की गेल्सडोर्फला धमक्या आल्या. चा नं त्याला माफ केलं. आणि १९८३ मध्ये तो खेळायला कुठे गेला? त्याच लेव्हरकुसेनकडे.

बी ४०४ ताई: काका, अंगावर काटा आला.

ए ५०३ काका: मे १९८८. यूएफा कपची फायनल, तेव्हा ती दोन सामन्यांची असायची. समोर बार्सिलोना शहरातला एस्पान्योल क्लब. पहिल्या सामन्यात तिकडे लेव्हरकुसेन ३-० नं हरलेलं. घरच्या मैदानावर मध्यांतरापर्यंत ०-०. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही वीसेक जण, अर्धे उठून झोपायला गेले. मग तीतानं एक मारला, ग्योट्झनं दुसरा. ८१ व्या मिनिटाला चेंडू हवेत आला आणि चा नं हेडरनं आत घातला. ३-०! दोन्ही सामने मिळून बरोबरी. वय ३५ व्हायला चार दिवस कमी. माझ्या शेजारचा फोरमन, एरवी माझ्याशी दोन शब्द न बोलणारा, मला घट्ट मिठी मारून ओरडत होता, "चा बुम! चा बुम!" त्या क्षणी मीही आशियाचा म्हणून माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकले. तिथेही चा नं पेनल्टी मारली नाही, दुसऱ्यांनी मारल्या.

ए ५०३ काका: एक गोष्ट मला अजून खटकते. १९९८ च्या वर्ल्ड कपला तो कोरियाचा कोच होता. नेदरलँड्सकडून ५-० हरले आणि त्यांच्या संघटनेनं स्पर्धा चालू असतानाच त्याला काढून घरी पाठवलं. एक सामना बाकी होता. एवढ्या माणसाला असं वागवतात का? नंतर सुवॉन संघाचा कोच म्हणून त्यानं दोनदा लीग जिंकून दाखवली, २००४ आणि २००८.

सी १०२: काका, तुमच्यामुळे एक धागा जुळला. नोव्हेंबर २०१९. एव्हर्टन क्लबविरुद्ध सोनच्या टॅकलनंतर त्यांचा आंद्रे गोमेश पडला आणि त्याचा घोटा भयंकर मोडला. सोन मैदानावर डोकं धरून रडत होता. तीन दिवसांनी बेलग्रेडमध्ये त्यानं दोन गोल मारले आणि युरोपातल्या कोरियन खेळाडूचा १२१ गोलांचा विक्रम मोडला. तो विक्रम चा बुम-कुनचा होता! पहिला गोल मारल्यावर जल्लोष केला नाही. कॅमेऱ्यासमोर जाऊन हात जोडले, गोमेशसाठी.

ए ५०३ काका: हे मला माहीत नव्हतं. एकानं मार खाऊन माफ केलं, दुसऱ्याच्या हातून मार बसला आणि त्यानं माफी मागितली. ताई, आकडे कमी करा भाषणातले. हेच सांगा.

सी १०२: आणि आपल्याशी संबंध हवा असेल तर, सोनचा देशासाठीचा पहिला गोल भारताविरुद्धच होता. जानेवारी २०११, दोहा, एशियन कप. आपण ४-१ हरलो, आपला एक गोल छेत्रीचा. सोन तेव्हा १८ चा.

बी ४०४ ताई: आता लेक टाइप करतेय.

बी ४०४ ताई: आजोबा मी दोघांवर बोलणार आहे. पण त्यांना काय म्हणायचं? चा की बुम?

ए ५०३ काका: कोरियात आडनाव आधी येतं बाळा. चा हे आडनाव, बुम-कुन हे नाव. सोनचंही तसंच, सोन आडनाव आणि ह्युंग-मिन नाव. उद्या शाळेतून आलीस की वर ये. १९८८ च्या पेपरचं कात्रण आहे माझ्याकडे, हेडरचा फोटो. वर्गात दाखवायला घेऊन जा.

बी ४०४ ताई: येते आजोबा. साडेतीनला.