परिचारिका आणि साहाय्यक कर्मचारी : आदर नेमका कशात मोजायचा?

चर्चाप्रस्ताव : शुश्रूषा

रुग्णालयातील उतरंडीचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापाशीच थांबते. डॉक्टर परिचारिकेचे ऐकून घेत नाहीत, राऊंडच्या वेळी सर्वांसमोर तिला बोलतात, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. परंतु त्याच वॉर्डात आया, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी, स्ट्रेचर नेणारे आणि जेवणाची ट्रॉली आणणारे कर्मचारी काम करत असतात, आणि त्यांच्याशी आम्ही परिचारिका कशा वागतो याबद्दल आमच्या व्यवसायात फारसे बोलले जात नाही.

माझे म्हणणे असे आहे की साहाय्यक कर्मचाऱ्यांचा आदर गोड बोलण्यावरून ठरत नाही. त्यांच्या कामासाठी लागणारी माहिती आपण त्यांना देतो का, आणि त्यांनी आणलेली माहिती आपण मनावर घेतो का, यावरून तो ठरतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला स्पंज करताना आणि कुशीवर वळवताना त्याची पाठ सर्वांत आधी दिसते ती आयाला. माकडहाडाजवळचा लालसर चट्टा बोटाने दाबल्यावरही फिका पडत नसेल, तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा असतो आणि या टप्प्यावर दाब काढून घेतला तर पुढची जखम बहुधा टाळता येते. आयाने हे सांगितल्यावर परिचारिकेने हातातले काम बाजूला ठेवून पाहिले, तर उद्याही ती सांगेल. ‘तुला काय कळतंय त्यातलं’ असे उत्तर एकदा मिळाले, की ती पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि त्या गप्प बसण्याची किंमत रुग्ण मोजेल.

दुसरे उदाहरण खोलीच्या सफाईचे. क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे जुलाब होत असलेल्या रुग्णाच्या खोलीत बीजाणू, म्हणजे त्या जिवाणूची जाड कवचातली चिवट रूपे, पसरलेले असतात. अल्कोहोलच्या द्रावणाने ते मरत नाहीत. हात साबणाने आणि पाण्याने धुवावे लागतात आणि पृष्ठभाग क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसावे लागतात. सफाई करणाऱ्या बाईंना फक्त ‘ती कोपऱ्यातली खोली लवकर आटपा’ एवढेच सांगितले, तर त्या रोजच्या द्रावणाने मनापासून फरशी पुसतील आणि पुढचा रुग्ण दूषित खोलीत दाखल होईल. अशा वेळी दोष सफाई करणाऱ्यांच्या माथी मारणे फार सोपे असते.

प्रतिसाद : प्रभारी

मी अनेक वर्षे वॉर्डची प्रभारी परिचारिका म्हणून काम करत आहे आणि या प्रस्तावाशी मी फारशी सहमत नाही. आदर असावा याबद्दल वाद नाही. मात्र परिचारिकेच्या प्रत्येक तुटक वाक्याला अनादर ठरवण्याची जी पद्धत अलीकडे रूढ होत आहे, ती मला अन्यायकारक वाटते.

सोपवलेल्या कामाची जबाबदारी शेवटी कोणावर येते, हा मूळ प्रश्न आहे. काम योग्य आहे का, परिस्थिती योग्य आहे का, व्यक्ती योग्य आहे का, सूचना नेमकी दिली का आणि देखरेख झाली का, हे पाच प्रश्न आम्हाला प्रशिक्षणातच शिकवले जातात. मदतनिसाने रुग्णाला दर दोन तासांनी वळवले नाही, तर चौकशीत माझे नाव येते. रात्रपाळीत एका बाजूला इन्सुलिनची मात्रा तपासायची, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन घसरत असलेला रुग्ण सांभाळायचा, अशा वेळी ‘सक्शन आणा, लवकर’ यापलीकडे वाक्यरचना सुचत नाही. त्यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नसतो.

दुसरे असे की रुग्णाचे निदान गोपनीय असते. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५३ साली पहिल्यांदा स्वीकारलेली आणि २०२१ साली सुधारलेली आचारसंहिता आम्हाला रुग्णाच्या माहितीची गुप्तता पाळायला सांगते. आदरापोटी ही माहिती सर्वांना देत सुटलो, तर रुग्णाच्या आदराचे काय? शिवाय आदर एकतर्फी मागता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले काम धावत करायचे आणि तेच काम परिचारिकेने सांगितले की ऐकू न आल्यासारखे करायचे, हा प्रकार मी वारंवार पाहिला आहे.

प्रतिसाद : तळमजला

मी बरीच वर्षे रुग्णालयात सफाईचे काम केले असून आता सफाई विभागाची पर्यवेक्षक आहे. प्रभारी ताईंच्या गोपनीयतेच्या मुद्द्याला आधी उत्तर देते. आम्हाला निदान नको आहे. दाराबाहेर कोणता फलक लावला आहे, त्यानुसार हातमोजे आणि गाऊन घालायचा की साधा मास्क लावायचा की घट्ट बसणारा विशेष मास्क हवा, आणि खोली कोणत्या द्रावणाने पुसायची, एवढेच आम्हाला हवे आहे. संसर्ग स्पर्शाने पसरतो, तुषारांनी पसरतो की हवेतून, हे सांगताना रुग्णाचे नाव किंवा आजार उघड करावा लागत नाही. पुष्कळदा हा फलक लावायचाच राहून जातो आणि आम्ही अर्धी खोली पुसून झाल्यावर कोणीतरी दारातून ओरडून सांगते.

आता सुईबद्दल लिहिते, कारण आदराचा प्रश्न मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. बाधित रुग्णासाठी वापरलेली सुई टोचल्यास बाधा होण्याची शक्यता एचआयव्हीच्या बाबतीत साधारण ०.३ टक्के असते, तर हिपॅटायटिस बीच्या बाबतीत, लस न घेतलेल्या माणसाला, ६ ते ३० टक्क्यांपर्यंत असते. सुई वापरणाऱ्याने ती टोपण न लावता जागच्या जागी जाड, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची, हा नियम सर्वांना पाठ असतो. तरीही ती कचऱ्याच्या पिशवीत येते. पिशवीची गाठ मारताना ती माझ्या एका सहकारी बाईंच्या हातमोज्यातून तळहातात शिरली. त्यांना वॉर्डात पहिला प्रश्न विचारला गेला तो ‘पिशवी अशी धरलीच कशाला?’ हा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची असते, ती दाबून रक्त काढायचे नसते आणि एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करायचा असतो, हे त्यांना त्या वॉर्डातल्या कोणीही सांगितले नाही. आपत्कालीन विभागात त्या विचारत विचारत एकट्या गेल्या.

ती सुई कोणाच्या हातून पिशवीत गेली याचा शोध कधी लागला नाही, आणि मला त्या व्यक्तीचे नावही नको आहे. पिशवी उचलणारा हात डोळ्यांसमोर असता, तर ती सुई तिथे पडली नसती, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

प्रतिसाद : कंदील

मी नव्याने नोकरीला लागलेली परिचारिका आहे, त्यामुळे मला या चित्राची दुसरी बाजूही सांगावीशी वाटते. वॉर्डात वीस-वीस वर्षे मुरलेल्या आया आणि वॉर्डबॉय नव्या परिचारिकेची परीक्षा पाहतात. दोघांनी मिळून उचलायच्या रुग्णासाठी हाक मारली, तर ‘आलोच’ म्हणून कोणी येत नाही. नातेवाइकांसमोर ‘यांना अजून काही जमत नाही’ असे म्हटले जाते. यानंतर मी आवाज चढवला तर मी उर्मट ठरते, आणि न चढवला तर रुग्ण तसाच ओल्या चादरीवर पडून राहतो.

त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे हे मला मान्य आहे, आणि मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकते. तरीही अनुभव म्हणजे नव्या माणसाला ताटकळत ठेवण्याचा परवाना नव्हे. आदराची चर्चा केवळ वरून खाली अशी झाली, तर आमच्यासारख्यांची बाजू त्यात कुठेच येत नाही.

प्रतिसाद : निरीक्षक

मी संसर्ग नियंत्रण विभागात डॉक्टर आहे. आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद व्यक्तींच्या वागण्याभोवती फिरत आहेत, म्हणून माझा विरोध दोन्ही बाजूंना आहे. सफाईचे काम ठेकेदाराकडे दिलेले असेल, तर सफाई करणारी व्यक्ती आणि परिचारिका यांच्यात बोलण्याचा अधिकृत मार्गच उरत नाही. तक्रार परिचारिकेकडून व्यवस्थापनाकडे, तिथून ठेकेदाराकडे आणि तिथून दंडाच्या रूपाने कामगाराकडे जाते. इंग्लंडमधील १२६ रुग्णालय संस्थांच्या २०१० ते २०१४ या काळातील माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जिथे सफाई बाहेरच्या कंपनीकडे होती, तिथे एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाचे प्रमाण अधिक आढळले. अशा अभ्यासाने कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही.

मोकळेपणाच्या बाबतीतही तेच. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयांतील औषधचुकांच्या अभ्यासात, ज्या विभागांतील संघ चांगले मानले गेले होते तिथेच नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथली माणसे चूक सांगायला घाबरत नव्हती, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी सूचीतील १९ बाबींमध्ये संघातील प्रत्येकाने नाव आणि काम सांगून ओळख करून देणे ही एक बाब आहे. ही ओळख कोणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही. ती प्रक्रियेचाच भाग केलेली आहे. वॉर्डात अशी कोणतीही बांधलेली वेळ नसते. मग एखादी परिचारिका स्वभावाने चांगली निघाली तर साहाय्यकांना माहिती मिळते, नाही तर मिळत नाही. ठेके, वेतन आणि कामाचा भार जसाच्या तसा ठेवून परिचारिकांना शिष्टाचाराचे धडे देण्याने काहीही साधणार नाही.

प्रतिसाद : शुश्रूषा

निरीक्षक यांनी मांडलेला रचनेचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. ठेका बदलण्याचा अधिकार माझ्या हातात नाही. सुई कुठे टाकायची आणि दारावर फलक लावायचा की नाही, हे मात्र पूर्णपणे माझ्या हातात आहे. रचना सुधारेपर्यंत या गोष्टी थांबवून ठेवण्याचे काहीच कारण नाही. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली केलेला १९० क्रमांकाचा करारसुद्धा कामगाराचा करार कोणत्या प्रकारचा आहे हे न पाहता संरक्षण देतो. ठेक्यावरचा माणूस आपला नव्हे, ही सबब तिथेही चालत नाही.

प्रभारी ताई, आणीबाणीतल्या तुटक वाक्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि कोणत्याही समंजस मदतनिसाची नसते. प्रश्न उरलेल्या वेळेचा आहे. शिफ्ट बदलताना आम्ही परिचारिका एकमेकींना प्रत्येक रुग्णाची माहिती देतो, तेव्हा आया त्याच खोलीत चादरी घड्या करत असते आणि तिला कोणी जवळ बोलावत नाही. कोणत्या रुग्णाला एकट्याने उठू द्यायचे नाही, कोणाला तोंडाने पाणी द्यायचे नाही, कोणाला कोणत्या कुशीवर ठेवायचे आहे, एवढे तिच्यापुरते सांगायला फार वेळ लागत नाही. उपाशी ठेवलेल्या रुग्णाला नातेवाइकाच्या सांगण्यावरून चहा दिला म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, तेव्हा आपण आयाला बोल लावतो. तिला कोणी सांगितले होते का, हे मात्र विचारत नाही.

कंदील यांच्या अनुभवाबद्दल मला वाईट वाटते. हाकेला न येणे हाही अनादरच आहे आणि त्याची दखल प्रभारीने घ्यायला हवी, नव्या मुलीवर ते ओझे टाकू नये.

प्रतिसाद : प्रभारी

दारावरचा फलक आणि शिफ्ट बदलतानाची माहिती, या दोन गोष्टींवर माझा आक्षेप मी मागे घेते. गोपनीयतेची अडचण त्यात येत नाही, हे तळमजला यांनी पटवून दिले. जबाबदारीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आयाने पाठीवरचा चट्टा सांगितला, तर तिचे नाव आणि वेळ रुग्णाच्या नोंदीत लिहायला मी तयार आहे. पण मग तिने न सांगितलेले किंवा न केलेले कामही तिच्याच नावावर लिहिले जाईल. हे तिला चालणार आहे का? श्रेयात वाटा आणि जबाबदारीत मात्र नाही, ही व्यवस्था मला स्वीकारता येणार नाही.

प्रतिसाद : तळमजला

सफाई विभागापुरते बोलायचे तर चालेल, फक्त त्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतील. काय पाहायचे आणि कोणाला सांगायचे याचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी द्यावे लागेल. आणि नोंद परिचारिकेने लिहिली तरी ती आम्हाला वाचून दाखवावी लागेल, कारण आमच्यापैकी सर्वांनाच वाचता येत नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस कामावर रुजू होतानाच मिळावेत, ही मागणी तर जबाबदारीच्या चर्चेच्याही आधीची आहे. ती कोणत्याही वॉर्डाच्या बैठकीत उद्यासुद्धा मांडता येईल, आणि ती परिचारिकांनी आमच्याबरोबर उभे राहून मांडली तर व्यवस्थापन ती अधिक गंभीरपणे ऐकेल.