सीबीआर म्हणजे नुसतं केएनएनच ना? प्रोजेक्ट अडकलाय

लास्टबेंच_२२
नमस्कार मंडळी, कॉम्प्युटरच्या लास्ट इयरला आहे. प्रोजेक्ट असा की लॅबमधल्या तक्रारी घ्यायच्या (प्रिंटर चालत नाही, नेट गेलं वगैरे) आणि जुन्या तक्रारींवरून उपाय सुचवायचा. गाइड म्हणाले केस बेस्ड रिझनिंग (सीबीआर, म्हणजे जुन्या केसवरून नवा प्रश्न सोडवणं) वापर. मी जुन्या तक्रारींचं एक्सेल घेतलं, नवीन तक्रारीशी जुळणाऱ्या पहिल्या तीन शोधून दाखवल्या, झालं. आता रिव्ह्यूला एक मॅडम म्हणतात हे तर केएनएन (सगळ्यात जवळची जुनी उदाहरणं शोधायची पद्धत) आहे, यात सीबीआर कुठाय? मला तर दोन्ही सेमच वाटतं. आणि चॅटजीपीटीच्या जमान्यात हे कोणी वापरतं तरी का?

लॉगफाइल
मॅडमचं बरोबर आहे रे. आमोट आणि प्लाझा यांचा १९९४ चा पेपर वाच, सगळे तोच धरून चालतात. त्यात चार पायऱ्या आहेत, रिट्रीव्ह (जुनी केस शोधणं), रीयूज (तिचा उपाय नव्याला लावणं), रिवाइज (तपासून सुधारणं), रिटेन (साठवणं). तू पहिलीवरच दुकान बंद केलंस.

फरक कळायला क्रिस्टियन हॅमंडचा शेफ नावाचा प्रोग्रॅम बघ, १९८६ च्या आसपासचा, येल युनिव्हर्सिटीतला, एआय संशोधक रॉजर शँकच्या परंपरेतला. त्याला चायनीज रेसिपी बनवायच्या होत्या. बीफ आणि ब्रोकोली मागितली तर त्याने आठवणीतली बीफ आणि फरसबीची रेसिपी काढली आणि फरसबीच्या जागी ब्रोकोली टाकली, इथपर्यंत तुझंही जमेल. पण ब्रोकोली झाली गचगचीत, कारण बीफला पाणी सुटतं आणि दोन्ही एकाच कढईत परतल्यामुळे ती त्या पाण्यात शिजली. आता गंमत इथे आहे, प्रोग्रॅमने हे *का* झालं ते शोधलं, दोन्ही वेगवेगळं परतायचं ठरवलं आणि फसलेल्या प्रयत्नाचं कारणही साठवून ठेवलं. पुढे चिकन आणि मटारच्या शेंगा मागितल्या तेव्हा पाणी सुटणार हे त्याला आधीच कळलं. केएनएन हे करेल का? ते फक्त जवळच्या उदाहरणांवरून लेबल (हे कुठल्या वर्गातलं) किंवा आकडा देतं.

तेलकट_हात
लॉगफाइलराव, वाचायला मस्त आहे पण आपोआप बदल करणं हे डेमोतच शोभतं हो. कामाला लागलेली सिस्टीम बघायची तर लॉकहीडची क्लेव्हियर बघा, विमानाचे कॉम्पोझिट पार्ट भट्टीत, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, कसे मांडायचे ते सुचवायची. उष्णता कुठे कशी पोचते याचे नियम कोणालाच धड लिहिता येत नव्हते, ऑपरेटर लोक आधी नीट उतरलेल्या मांडणीची चित्रं जपून ठेवायचे आणि त्यावरून काम चालायचं. सिस्टीमने तेच केलं, बदल सुचवला तरी शेवटचा शब्द ऑपरेटरचा, आणि लोड नीट निघाला की फसला ते परत साठवायचं. माझ्या मते खरी कमाई त्या शेवटच्या पायरीत आहे.

लास्टबेंच_२२
भारी! म्हणजे माझ्या एक्सेलमध्ये 'उपाय चालला का' हा कॉलमच नाहीये 😅 आणि एलएलएमचं, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मॉडेलचं, काय?

लॉगफाइल
तेलकटराव, शेवटच्या पायरीबद्दल मान्य, भांडण नाही.

एलएलएमला जुनी तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) शोधून देतात (सगळे रॅग रॅग करतात ते), ते रिट्रीव्ह झालं, आणि मॉडेल त्यावरून उत्तर जुळवतं ते रीयूज. पण उत्तर चाललं की नाही हे तपासून परत साठवणं कोणीतरी मुद्दाम बांधावं लागतं, आपसूक होत नाही.

तुझ्यापुरतं सांगतो. 'प्रिंटर ऑफलाइन दाखवतो' अशा दोन तक्रारी घे, एकीत राउटर बदलल्यावर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदललाय, दुसरीत विंडोज अपडेटनंतर ड्रायव्हर गेलाय. शब्द डिट्टो सेम, उपाय वेगळा. म्हणून नुसतं वाक्य जुळवू नकोस, 'त्याआधी काय बदललं', 'एकाच मशीनला की सगळ्यांना' असे कॉलम कर आणि त्यांना जास्त वजन दे. रीयूजला साधे नियम पुरतात, जुन्या उपायातला मशीन नंबर आणि आयपी नव्याचा टाकायचा. मग लॅब असिस्टंटला चालला / नाही चालला असं बटण दे, नाही चालला तर कारण विचार.

तेलकट_हात
आणि बटण दाबलेली प्रत्येक केस ठेवू नकोस हं, नाहीतर गोदाम होतं आणि शोधायलाच वेळ जातो. स्मिथ आणि कीन यांनी १९९५ मध्ये यावरच काम केलंय, जी केस काढली तर एखादा प्रश्न सुटायचाच बंद होईल ती ठेवायची, काढायच्या तर बाकीच्यांतल्या आधी काढायच्या. रिव्ह्यूत हे बोललास तर मॅडम खूश.